दहा राग, एक चंदेरी पेटी आणि शिकागो



आजवर या मालिकेत आपण किल्ले, लढाया, तह आणि नकाशे यांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतील. विषय आहे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. ज्याला आपली नातवंडं ईडीएम म्हणतात आणि आपण खिडकी लावून घेत ‘तो धडधडाट’ म्हणतो, तेच. पण यालाही इतिहास आहे. त्यात महायुद्ध आहे, बाजारात आपटलेली यंत्रं आहेत आणि आपली मुंबईही आहे.

गेली काही वर्षं एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘ॲसिड हाऊस संगीताचा जन्म शिकागोत नव्हे, मुंबईत झाला. एका भारतीयाने ते पाच वर्षं आधी केलं होतं.’ ऐकायला फार बरं वाटतं. छाती फुगते. पण मी आयुष्यभर सिग्नल्समध्ये काम केलं. तिथे पहिल्या दिवसापासून एक शिस्त अंगात भिनवली जाते. आलेल्या संदेशात प्रत्यक्ष पाहिलेलं किती आणि त्यावरून काढलेलं अनुमान किती, हे वेगळं करायचं. दोन्हींची सरमिसळ झाली की तोफा भलत्याच टेकडीवर डागल्या जातात. तीच शिस्त आज या वाक्याला लावून पाहू.

आधी युद्ध

सुरुवात करू दुसऱ्या महायुद्धापासून. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत होमर डडली नावाच्या अभियंत्याने १९३० च्या दशकात व्होकोडर हे तंत्र तयार केलं. माणसाच्या आवाजाचे वेगवेगळ्या कंप्रतांचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात क्षणाक्षणाला किती जोर आहे एवढंच पाठवायचं आणि पलीकडे त्या मोजमापांवरून आवाज पुन्हा उभा करायचा. हेतू इतकाच होता की तारेवरून कमी जागेत जास्त बोलणी जावीत.

सैन्याला यातली दुसरी सोय दिसली. आवाज एकदा मोजमापांत उतरला की त्यात गुप्त किल्ली मिसळता येते. त्यातून सिगसॅली ही यंत्रणा उभी राहिली. एकेका केंद्राचं वजन पन्नास टनांहून जास्त. १५ जुलै १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात तिच्यावरून पहिली औपचारिक परिषद झाली. तिची गुप्त किल्ली कशात होती? ग्रामोफोनच्या तबकड्यांत. निव्वळ खरखर मुद्रित केलेल्या तबकडीच्या दोनच प्रती काढायच्या, एक इथे आणि एक तिथे. दोन्ही एकाच क्षणी, एकाच गतीने फिरवायच्या आणि वापर झाला की नष्ट करायच्या. दोन तबकड्या तंतोतंत एका लयीत चालवणं ही आज डीजेची मूलभूत कसोटी मानली जाते. १९४३ साली ते सिग्नल्सच्या जवानांचं काम होतं.

सिगसॅलीवरचा गुप्ततेचा पडदा १९७६ मध्ये उठला. पण व्होकोडर त्याआधीच संगीतात शिरला होता. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या गटाने १९७४ च्या ‘ऑटोबान’मध्ये तो वापरला. यंत्राने बोललेला माणूस लोकांना आवडू लागला. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडर यांनी डोना समर यांच्या ‘आय फील लव्ह’ या गाण्याची जवळजवळ सगळी साथ मूग सिंथेसायझरवर उभी केली. नाचाचं गाणं यंत्रावर बनू शकतं, हे तिथे जगाला पटलं.

ओसाकाचा घड्याळजी

आता जपानकडे वळू. इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३० सालचा, ओसाकाचा. आईवडील लहानपणीच गेले. तरुणपणी क्षयाने त्यांना स्वतःलाही गाठलं. घड्याळदुरुस्तीवर त्यांनी पोट भरलं. संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं. या माणसाने १९७२ मध्ये ओसाकात रोलंड कंपनी काढली.

१९८० मध्ये रोलंडने टीआर-८०८ हे तालयंत्र आणलं. त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांचं यंत्र आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते आणि किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. ८०८ ची किंमत होती ११९५ डॉलर. त्यात मुद्रित आवाज नव्हते, विद्युतमंडलांतून तयार केलेले आवाज होते. ते खऱ्या ड्रमसारखे वाटेनात. काकेहाशी यांनी पुढे सांगितलं की या यंत्रातली ती विशिष्ट चरचर कारखान्याने नाकारलेल्या, मापात न बसणाऱ्या ट्रान्झिस्टरांमुळे होती. ते मुद्दाम विकत घेतलेले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, नाकारलेला माल मिळेनासा झाला आणि ८०८ बंद पडलं. एकूण सुमारे बारा हजार नग निघाले.

त्याच्यामागून आलं टीबी-३०३. पुस्तकाच्या आकाराची चंदेरी पेटी, बॅटरीवर चालणारी, तादाओ किकुमोतो यांनी घडवलेली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा तिचा हेतू. किंमत ३९५ डॉलर. तिचं चालणं असं: सोळा घरांची एक ओळ. प्रत्येक घरात स्वर भरायचा. त्यावर हवा तर आघात द्यायचा आणि हवी तर पुढच्या स्वरावर घसरण लावायची. वर गोल बटणं. त्यातली दोन महत्त्वाची. एक आवाजातला चकचकीतपणा कुठे छाटायचा ते ठरवतं. दुसरं त्या छाटलेल्या कडेला किती टोचरं करायचं ते ठरवतं. दोन्ही एकत्र फिरवली की पेटी आधी घुमते, मग केकाटते आणि शेवटी पाण्यात बुडाल्यासारखी होते.

बेस गिटारसारखी मात्र ती कधीच वाजली नाही. स्वर भरण्याची पद्धत किचकट होती. १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. दहा हजारांच्या आसपास नग निघाले आणि बरेचसे जुन्या वाद्यांच्या दुकानांत धूळ खात पडले.

मुंबई, १९८२

आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे येऊ. चरणजीत सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार, हवाईयन गिटार आणि कळफलकाची वाद्यं वाजवणारे. चित्रपटगीतांच्या नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या तबकड्याही त्यांच्या नावावर होत्या. स्टुडिओतल्या वादकाचं आयुष्य आपण जाणतोच. गाणं गाजतं, गायकाचं आणि संगीतकाराचं नाव होतं. ज्या माणसाच्या बोटांतून तो तुकडा निघाला तो संध्याकाळी लोकलने घरी जातो आणि त्याचं नाव वेष्टनावरही येत नाही.

तो काळ डिस्कोचा होता. १९८० मध्ये ‘कुर्बानी’, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’. सिंग यांच्याकडे परदेशातून आणलेली तीन रोलंड यंत्रं होती: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यांनी ती एकमेकांना जोडून एका लयीत चालवली आणि त्यांवर राग वाजवले. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने तबकडी काढली. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

हे यंत्र आणि राग यांचं जमलं कसं? यात चमत्कार नाही, कारण आहे. पाश्चात्त्य पॉप गाण्यात दर दोन-चार मात्रांनी खालचा स्वरमेळ बदलतो आणि बेसला त्याच्यामागे धावावं लागतं. रागात षड्ज हलत नाही. तानपुरा एकच गोष्ट सांगत राहतो आणि त्यावर राग उलगडतो. सोळा घरांची, पुन्हा पुन्हा फिरणारी पेटी म्हणजे या कामापुरता यांत्रिक तानपुराच. शिवाय ३०३ मधली ती घसरण. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं आपल्याला नवं नाही, आपण त्याला मींड म्हणतो. यंत्राच्या बारा ठोक समान स्वरांत श्रुतींची नजाकत येणार नाही, हे खरं. पण स्वर न तुटता सरकणं तेवढं आलं. ज्या गुणांमुळे ही पेटी रॉक वाजवणाऱ्या गिटारवादकाला कुचकामी वाटली, तेच गुण रागाच्या वादकाला सोयीचे पडले.

शिकागो, १९८७

आता दुसरी बाजू. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. एका रेडिओ निवेदकाचा तो उपक्रम. जमाव मैदानात घुसला आणि पुढचा सामना रद्द करावा लागला. डिस्को मेलं, असं जाहीर झालं. पण हे संगीत ज्यांचा आसरा होतं त्यांनी ते सोडलं नाही. ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण मंडळी होती, त्यांत समलिंगी तरुण मोठ्या संख्येने. वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवत. त्या जागेच्या नावावरून ‘हाऊस’ हे नाव रूढ झालं. नव्या डिस्को तबकड्या येणं आटलं, तेव्हा या लोकांनी स्वस्तातली जुनी तालयंत्रं आणून स्वतःच ताल बनवायला घेतला.

फ्युचर हा अशाच तरुणांचा गट: डीजे पियर, स्पँकी आणि हर्ब जे. त्यांच्या हाती एक जुनं ३०३ आलं. पेटी आपली ओळ वाजवत होती आणि पियर तिची बटणं फिरवत राहिले. बेस गिटारची नक्कल करण्याचा प्रश्नच सोडून दिलेला. बटण फिरवणं हेच वादन झालं. मुद्रण झालं, ते रॉन हार्डी यांनी म्युझिक बॉक्स क्लबात लावलं. पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले. हार्डींनी त्याच रात्री ते पुन्हा पुन्हा लावलं आणि चौथ्या वेळी नाचणारे वेडावले, अशी हकिगत सांगितली जाते. १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ते ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने प्रसिद्ध केलं. अकरा मिनिटांहून मोठा तुकडा. तिथून ॲसिड हाऊस इंग्लंडला गेलं आणि पुढचं जग बदललं.

आता निवाडा

पाहिलेलं काय आहे? एक, मुंबईची तबकडी आधीची. दोन, दोन्हीकडे तेच ३०३. तीन, आवाज चकित व्हावं इतका जवळचा. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच कंपनीने ही तबकडी पुन्हा काढली, तेव्हा हा कुणी आजच्या संगीतकाराने रचलेला बनाव असावा, अशी शंकाही काहींनी घेतली. तो बनाव नव्हता. चरणजीत सिंग हयात होते आणि त्यानंतर युरोपात जाऊन त्यांनी याच रागांचे कार्यक्रम केले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

अनुमान काय आहे? मुंबईतून शिकागो जन्मलं, हे. याला आधार नाही. शिकागोतल्या घडामोडींची साखळी तिथल्या तिथे पूर्ण होते. मोडीत निघालेलं डिस्को, स्वस्त जुनी यंत्रं, रोज रात्री भरणारे क्लब, जवळच तबकड्या काढून देणारी कंपनी. तिच्यात मुंबईची कडी कुठेच लागत नाही. आधी घडलं म्हणजे त्यातूनच घडलं, असं होत नाही. दोन टेहळणी तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी एकाच शिखरावर पोहोचू शकतात.

शिवाय दोन्ही तबकड्या लक्ष देऊन ऐका. सिंग यांच्या तबकडीत राग पुढे आहे, ज्युपिटरवर वाजलेला, आणि ३०३ मागे साथीला. शिकागोच्या तुकड्यात पुढे काहीच नाही. साथीची पेटीच नायक झाली आहे आणि तिच्या आवाजाचं बदलत जाणं हीच गोष्ट आहे. पेटी एक, पण तिच्याकडून करून घेतलेली कामं दोन.

मग मोठा प्रश्न उरतो. मुंबईत या तबकडीमागून दुसरी, तिसरी का आली नाही? सिंग यांची कल्पकता कमी होती म्हणून नव्हे. परदेशी वाद्यं आणणं तेव्हा भल्याभल्यांना परवडत नव्हतं. ३०३ चा जुना नग कोपऱ्यावरच्या दुकानात विद्यार्थ्याला मिळावा, असा बाजारच आपल्याकडे नव्हता. तबकडी काढायची तर मोठ्या कंपनीचं दार ठोठवायचं आणि तिचं लक्ष चित्रपटावर. नाचायला जागा म्हणजे मोठ्या हॉटेलांतले मोजके डिस्कोथेक. शिकागोत एक प्रयोग फसला तर पुढच्या शनिवारी दुसरा करता येत होता. इथे पुढचा शनिवारच नव्हता. एक हुशार माणूस एक वस्तू घडवू शकतो. तिची परंपरा व्हायला आजूबाजूला रसद लागते, आणि रसदीशिवाय पुढे गेलेल्या तुकडीचं काय होतं हे मी आपल्याला सांगायला नको.

‘आम्हीच पहिले’ या आरोळीत हेच दुखणं झाकलं जातं, म्हणून मला ती खटकते. चरणजीत सिंग यांना खोट्या बापपणाची गरज नाही. त्यांचं खरं काम पुरेसं मोठं आहे. त्यांची आठवण ठेवायला आपल्याला अठ्ठावीस वर्षं आणि एक डच कंपनी लागली, हे जास्त बोचायला हवं.

आणि हे एकच उदाहरण नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. न्यूयॉर्कहून डेव्हिड ट्यूडर आले, मूग यंत्र आलं. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी.

जोडणारी तार

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण सिग्नल्सवाल्याला ती सर्वांत जवळची. प्रत्येक कंपनीचं वाद्य आपल्याच भाषेत बोलायचं, दुसऱ्याशी जुळायचं नाही. काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी इतर कंपन्यांना बरोबर घेऊन एक सामाईक भाषा ठरवली, मिडी. जानेवारी १९८३ मध्ये एका व्यापारी प्रदर्शनात प्रतिस्पर्धी कंपन्यांची दोन वाद्यं एका केबलने जोडली. एकावर कळ दाबली, दुसरं वाजलं. या तारेतून आवाज जात नाही, हुकूम जातो: अमुक स्वर, अमुक जोराने, आता सुरू, आता बंद. आणि मुख्य म्हणजे ही भाषा वापरण्यासाठी कुणाकडून स्वामित्वशुल्क घेतलं नाही. म्हणून ती चार दशकं टिकली. २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. अटारी एसटी या स्वस्त संगणकात मिडीची जोडणी मुळातच होती. तिथून घरातल्या टेबलावर स्टुडिओ आला.

पुढचं थोडक्यात. १९९७ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने ‘रीबर्थ’ काढलं. त्यात ३०३ आणि ८०८ संगणकाच्या पडद्यावर अवतरली. त्याच वर्षाअखेर बेल्जियममधून ‘फ्रूटीलूप्स’ आलं, आजचं एफएल स्टुडिओ. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावी वरातीची आणि मिरवणुकीची मिश्रणं बनवणारी अनेक मुलं हेच वापरतात. त्यांच्या पडद्यावरची सोळा घरांची ओळ ही ८०८ आणि ३०३ चीच नात.

आणि गोवा? हणजुणेच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे उन्हात वाकणाऱ्या तबकड्यांऐवजी कॅसेटी आणि पुढे डॅट फिती वाजवत. त्यातून नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स घडलं. त्यातला सर्वांत ओळखीचा आवाज कोणता? ३०३ चा. म्हणजे जी पेटी १९८२ मध्ये मुंबईत मालकंस वाजवत होती, तिचाच आवाज शिकागो आणि लंडनला वळसा घालून आपल्या किनाऱ्यावर आला, आणि आपण त्याला ‘फिरंग्यांचं संगीत’ म्हणालो.

आवाजाच्या भिंतींचा त्रास मलाही होतो. मराठीत ‘डीजे’ म्हणजे आता माणूस उरला नाही, ट्रकवर रचलेले कर्णे झाले. त्यावर कायदा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण ताल स्वतः परका नाही. कवायतीत आमचा शीघ्र चाल मिनिटाला सुमारे १२० पावलांचा. हाऊस संगीताची गतीही साधारण तेवढीच. शेकडो पायांना एका ठोक्यावर आणायची युक्ती सैन्याला फार आधी ठाऊक होती. फरक इतकाच की तिथे कुणी हुकूम देत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी वाद्यवृंदात, आकाशवाणीवर किंवा चित्रपटाच्या स्टुडिओत वाजवणारे काका, मामा, आजोबा असतील. त्यांच्या फिती माळ्यावर असतील. त्यांना जवळ बसवा आणि विचारा: कोणत्या साली, कोणत्या स्टुडिओत, कोणतं वाद्य, बरोबर कोण होतं. वहीत लिहा, तारीख घाला. फितींवर नावं चिकटवा आणि त्या ओलाव्यापासून दूर ठेवा. ‘आम्ही पहिले’ म्हणण्याआधी आपल्याकडे आपली नोंदवही हवी.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे नकाशांकडे. तोवर रजा घेतो. जय हिंद.